घोड्याची वाट मोबाइलवर : शोधायची कशी, सांगायची कशी?

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर घोडा दिसतो तो बहुतेक वेळा वरातीतच. लग्नसराईत संध्याकाळी ऑफिसमधून निघालं की हे दृश्य ठरलेलं. एका बाजूला कोचिंग क्लासमधून सुटलेली मुलं, दुसऱ्या बाजूला बँड, मधे सजवलेली घोडी आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची लांबच लांब रांग. मराठीत आपण 'वरातीमागून घोडं' म्हणतो. इथे घोड्यामागून वरात आणि वरातीमागून अर्धं जयपूर!

अशाच एका संध्याकाळी रिक्षात अडकून बसले होते. हातातल्या फोनवर नकाशा उघडा होता आणि त्यात आमचा रस्ता लालभडक झाला होता. फोनला कारचा रस्ता माहीत होता, दुचाकीचा माहीत होता, पायी चालणाऱ्याचाही माहीत होता. पण समोर जी घोडी उभी होती, तिने कुठून जावं हे काही त्याला सांगता येत नव्हतं. तेव्हा मला माथेरानची ती सकाळ आठवली आणि हा लेख लिहायचं ठरलं.

"ताई, ही वाट माणसाची, जनावराची नाही"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे माथेरानला गेलो होतो. आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिच्यासाठी घोडा ठरवला. आत्याचा नऊ वर्षांचा मुलगा तर आल्यापासून घोड्यावरच बसायचं म्हणून अडून बसला होता. घरात 'मोबाइलमधलं सगळं कळतं' अशी माझी ख्याती. मी लगेच एका अॅपवर कोणीतरी टाकलेली वाट शोधून काढली. नेहमीच्या रस्त्यापेक्षा बरीच जवळची दिसत होती. फोटो सुंदर, खाली कौतुकाच्या चार ओळी. मी घोडेवाल्या काकांना म्हटलं, "काका, इकडून जाऊ या, लवकर पोचू."

काकांनी माझ्या फोनकडे पाहिलंही नाही. नुसतं म्हणाले, "ताई, ही वाट माणसाची आहे, जनावराची नाही. पुढं पायऱ्या आहेत. आजींना काय उचलून नेणार का?"

मी थोडी हिरमुसले. आजी आणि भाऊ काकांबरोबर लांबच्या रस्त्याने गेले आणि मी हट्टाने एकटी त्या जवळच्या वाटेने चालत निघाले. दहाच मिनिटांत पायऱ्या आल्या. तुटलेल्या, मुळांमधून उतरणाऱ्या, एका बाजूला खोल दरी. तिथे घोडा वळवायलासुद्धा जागा नव्हती. त्या पायऱ्यांवर उभी असताना माझ्या पोटात गोळा आला. अॅपमधली माहिती खोटी नव्हती. ज्याने ती वाट टाकली तो चालत गेला होता आणि त्याच्यासाठी ती उत्तमच होती. फक्त ती घोड्यासाठी नाही, हे त्याने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आपण म्हणतो ना, इथेच घोडं पेंड खातं! मोबाइलवर वाट मिळणं सोपं आहे. ती कोणाची वाट आहे, हे कळणं महत्त्वाचं आहे.

नकाशात घोड्याची वाट येते कुठून?

आपल्या फोनमधल्या बऱ्याच ट्रेकिंग अॅपच्या मागे एकच मोठा नकाशा असतो : ओपन स्ट्रीट मॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. विकिपीडियासारखाच हा नकाशासुद्धा जगभरातले सामान्य लोक मिळून बनवतात. कोणीही खातं उघडून आपल्या गावातली गल्ली, विहीर, पायवाट त्यात भरू शकतो.

या नकाशात प्रत्येक रस्त्याला खुणेच्या चिठ्ठ्या जोडता येतात. हा डांबरी आहे की मातीचा, चढ किती आहे, पायऱ्या आहेत का, असं बरंच काही. त्यातच एक चिठ्ठी 'ब्रायडलवे' अशी असते, म्हणजे घोड्यावरून जाण्याची वाट. दुसऱ्या एका चिठ्ठीत घोड्याला परवानगी आहे की नाही, हे 'हो' किंवा 'नाही' असं लिहिता येतं. आपल्याकडे बहुतेक वाटांवर ही चिठ्ठीच लावलेली नसते. मग अॅप तरी काय सांगणार?

इंग्लंडमध्ये मात्र ब्रायडलवे हा कायद्याचा शब्द आहे. ज्या वाटेला ही नोंद मिळते, तिच्यावरून घोडेस्वाराला जायचा हक्क असतो, मग ती कोणाच्या शेतातून का जाईना. तिथे २००० साली एक कायदा झाला आणि जुन्या पण नोंद न झालेल्या वाटा अधिकृत नकाशात आणण्यासाठी २०२६ ही मुदत ठरली. ती मुदत पुढे बदलली, पण मधल्या काळात घोडेस्वार मंडळींनी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे धुंडाळायला सुरुवात केली. कारण सरळ होतं. नकाशात नसलेली वाट आधी विसरली जाते, मग तिच्यावर कुंपण पडतं, मग ती कधी होती हेही कोणाला आठवत नाही.

कोणती अॅप उपयोगी पडतात?

सगळ्यांची यादी देत बसत नाही. घरच्या लोकांना खरोखर वापरता येतील अशी मोजकी सांगते.

विकिलॉक : स्पेनमधलं हे अॅप २००६ पासून चालू आहे. लोक स्वतः गेलेल्या वाटा नोंदवून इतरांसाठी ठेवतात. शोधताना चालणे, सायकल याबरोबर घोडेस्वारी हाही प्रकार निवडता येतो. तो नक्की निवडा. माझी चूक नेमकी इथेच झाली होती, मी काहीच निवडलं नव्हतं.

ऑल ट्रेल्स : इथेही घोडेस्वारीची चाळणी लावता येते. अमेरिका-युरोपातल्या वाटा जास्त, आपल्याकडच्या कमी. परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना मात्र चांगलं उपयोगी.

इक्विलॅब : स्वीडनमध्ये खास घोडेस्वारांसाठी बनलेलं. फोन खिशात ठेवला की घोडा साध्या चालीने किती चालला, दुडकी किती, दौड किती याचा अंदाज देतं. तुम्ही कुठे आहात हे घरच्यांना दाखवायचीही सोय आहे.

ओसम-अँड आणि ऑरगॅनिक मॅप्स : ही दोन्ही ओपन स्ट्रीट मॅपवर चालतात आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्कशिवाय काम करतात. घाटात, जंगलात रेंज जाते तेव्हा याची किंमत कळते. ओसम-अँडमध्ये घोडेस्वारीसाठी वेगळी निवडसुद्धा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनला आपली जागा नीट कळायला आकाशातले किमान चार उपग्रह दिसावे लागतात. दाट झाडीखाली किंवा कड्याच्या कुशीत तो सिग्नल अडतो आणि पडद्यावरचा निळा ठिपका काही मीटर इकडेतिकडे सरकतो. रस्त्यावर याने फरक पडत नाही. दरीकाठच्या वाटेवर मात्र पडद्यापेक्षा डोळ्यांवर आणि घोडेवाल्यावर विश्वास ठेवा.

माथेरान : जिथे घोडा ही हौस नाही, गरज आहे

घोड्याच्या वाटांचा विषय निघाला आणि मराठी माणसाला माथेरान आठवलं नाही, असं होणार नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे गाव. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले आणि इंग्रजांना या डोंगराची गोडी लागली. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. ती आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारली. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं.

इथे मोटारींना बंदी आहे. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचं अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचं. त्यामुळे माथेरानमध्ये घोडा म्हणजे फोटोपुरता प्राणी नाही. पर्यटकांना तो नेतो, सामान तो वाहतो आणि शेकडो घरांची चूल त्याच्यावर पेटते.

गेल्या काही वर्षांत इथे वाटांवरून बराच वाद झाला. लाल माती पावसात वाहून जाते म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली. घोडेवाल्यांची तक्रार अशी की नाल मारलेला खूर अशा कडक फरशीवर घसरतो. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. वयस्कर मंडळींना आणि शाळेच्या मुलांना त्याचा फायदा झाला, पण घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा दिली, पण आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर ते नकोत असंही सांगितलं.

म्हणजे आतल्या मातीच्या वाटा मातीच्याच राहणार. पॅनोरामा पॉइंट, एको पॉइंट, शार्लोट लेक, लुईझा पॉइंट अशा नावांच्या पाट्या सगळ्यांना दिसतात. पण त्यांना जोडणाऱ्या वाटांपैकी कुठली घोड्याची, कुठली फक्त माणसाची, पावसाळ्यात कुठे निसरडं होतं, घोड्याला पाणी कुठे मिळतं, हे सगळं ज्ञान आज घोडेवाल्यांच्या डोक्यात आहे. कोणत्याही नकाशात नाही. त्यांची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली, तर हे ज्ञान कुठे जाणार?

म्हणूनच वाट नोंदवणं हे मला नुसतं पर्यटकांचं काम वाटत नाही.

वाट नोंदवायची कशी?

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले आणि सरळ सांगितलं, "काल तुमचं ऐकायला हवं होतं. आज तुम्ही न्याल त्या वाटेने जाऊ. ती मी फोनमध्ये नोंदवली तर चालेल का?" ते हसले आणि म्हणाले, "नोंदवा की. पण नीट नोंदवा." मग त्यांनी जे दाखवलं आणि मी जे शिकले, ते असं :

१. आधी विचारा. घोडा ज्याचा, वाटेची माहिती ज्याची, त्याची परवानगी घ्या. त्याच्या रोजीरोटीचा प्रश्न असतो.

२. घोड्यावर बसण्याआधी नोंदणी सुरू करा, फोन चेनच्या खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये टाका आणि विसरून जा. लगाम धरायच्या हातात फोन नको. सेल्फी तर अजिबात नको.

३. अॅपमध्ये प्रकार 'घोडेस्वारी' असाच निवडा. घोडा साध्या चालीने ताशी सहा-सात किलोमीटर जातो. चालण्याचा प्रकार निवडून ठेवलात तर पुढच्या माणसाचा वेळेचा अंदाज चुकेल.

४. थांबलात की खुणा टाका : पाणी, सावली, तीव्र उतार, सैल दगड, पायऱ्या, अरुंद जागा, घोडा वळवता येईल अशी मोकळी जागा. फोटो उतरूनच काढा.

५. तारीख आणि ऋतू लिहा. डिसेंबरची वाट जुलैमध्ये तीच राहत नाही.

६. घरी आल्यावर नोंद एकदा तपासा. सिग्नल चुकल्यामुळे रेघ दरीत उतरलेली दिसते का? तेवढा भाग दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका.

७. शेवटी एक वाक्य नक्की लिहा : ही वाट कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

काय सांगायचं आणि काय नाही

सगळंच जगाला सांगायचं नसतं. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अॅपचा जगभराचा नकाशा चर्चेत आला होता. सैनिकांनी धावताना चालू ठेवलेल्या नोंदींमुळे त्यावर लष्करी तळांचे आकार स्पष्ट दिसत होते. आपण काही लष्करी तळावर राहत नाही, पण आपल्या घराचं दार, मुलांची रोजची वेळ आणि घोड्याचा तबेला तरी अनोळखी माणसाला का कळावा? वाट घरापासून नोंदवू नका, सार्वजनिक जागेपासून सुरू करा. फिरून परत आल्यावरच ती टाका.

जंगलाची गोष्ट आणखी वेगळी. आमच्या जयपूरला शहराला लागूनच झालाना हे बिबट्यांचं जंगल आहे. अशा ठिकाणी वनखात्याने ठरवलेल्या मार्गाबाहेर जायचं नाही आणि प्राणी नेमका कुठे दिसला ते नकाशावर टाकायचं नाही. कोणाच्या शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय ती जाहीर करायची नाही. एकदा पाचशे लोकांनी ती वाट उतरवून घेतली की त्याचं पीक काही परत येत नाही.

राजस्थान, खानदेश आणि घोड्यांचा शौक

राजस्थानात राहते म्हणून इथलंही थोडं सांगते. आत वळलेल्या, टोकाला टोक लागणाऱ्या कानांचा मारवाडी घोडा ही इथली शान. शेखावाटी भागात जुन्या हवेल्यांच्या गावांमधून वाळूच्या वाटांवर घोडेसफारी होतात. मातीत, वाळूत घोडा खुलतो, हे इथे लगेच कळतं.

आपल्या महाराष्ट्रातही घोड्यांचं वेड काही कमी नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. भीमा नदीच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांनी तर मराठ्यांना कुठल्या कुठे नेलं. तेव्हा अॅप नव्हतं. खबऱ्या, वाटाड्या आणि घोड्याची स्वतःची आठवण, यावर मोहिमा चालायच्या.

घरच्यांसाठी छोटी यादी

मुलांना घेऊन जात असाल तर हे एवढं बघा. डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट. ओढणी, स्कार्फ आत खोचलेला. रिकिबीत पाय पुढच्या भागावरच ठेवायचा, पूर्ण आत घालायचा नाही. तंग घट्ट आहे का, हे बसण्याआधी घोडेवाल्याला तपासायला सांगा. लहान मूल असेल तर लगाम धरून चालणारा माणूस सोबत हवाच. घोड्याचा परवाना क्रमांक आणि ठरलेला दर आधी बघून घ्या, म्हणजे नंतर वाद नको. अडचण आली तर ११२ हा आपत्कालीन नंबर लक्षात असू द्या.

आणि घोड्याकडेही बघा. तो लंगडतोय का, पाठीवर खोगिराखाली जखम आहे का, धापा टाकतोय का? तसं असेल तर बसू नका. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत काम नाही. जयपूरच्या मे महिन्यात हा नियम रोजच लागू होतो. तुमच्या फोनमध्ये तापमान दिसतंच. घोड्यावर बसण्याआधी एकदा तेही पाहा.

न फिरवल्यामुळे

लहानपणी आजी एक कोडं घालायची. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे.

त्या दिवशी माथेरानहून उतरताना आजीला मी काकांबरोबर नोंदवलेली वाट फोनवर दाखवली. हिरवी रेघ, मधे पाण्याची खूण, दोन ठिकाणी 'इथे सावकाश' असं लिहिलेलं आणि खाली काकांनी सांगितलेलं वाक्य : 'ही वाट घोड्याची आहे, पावसात मात्र नको.' तिने चष्मा वर केला, रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग ती पायऱ्यांची वाट? तिच्यावर कोणी लिहिलं का, की घोडा नेऊ नका म्हणून?"

मी लिहिलं नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या लिहिलं. दोनच ओळी.

या सुट्टीत तुम्हीही कुठे घोड्यावरून रपेट मारलीत, तर घरी येऊन दोन ओळी नक्की लिहा. चांगली वाट सांगा आणि चुकीची असेल तर तीही सांगा. पुढे कोणाची तरी आजी त्या वाटेने जाणार असते.